सुतकातली जवारी

अहो,

तुम्ही होता तोवर तुमचं नाव घेतलं नाही, आता काय घेऊ? आज मंठ्याकडून बैलगाडीनं परतले, ती एकटीच. बापूला आणता आलं नाही. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू? म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला वाटेल, हिला लिहिता कधी आलं! संध्याकाळी तुम्ही ओसरीवर पोरांचे धडे घ्यायचात, तेव्हा मी आत ज्वारी पाखडत ऐकायची. पुढं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं एकटीच जुळवत बसले. साऱ्या मुलखाच्या पोरांना ‘बस रे’ म्हणालात. मला एकदा ‘बस गं’ म्हणाला असतात तर?

सरकारी शाळेत सारं उर्दूत, म्हणून लांबची पोरं बदनापुरात तुमच्या मराठी शाळेत यायची. पण खायची काय? मग तुम्ही मूठ सुरू केलीत. बायांनी जात्यावर बसण्याआधी एक मूठ ज्वारी बाजूला काढायची, शनिवारी पोरांनी ती दारोदार फिरून आणायची, आणि मारुतीच्या देवळात राहणाऱ्या पाच गरीब पोरांची चूल त्यावर चालायची. धान्य सारं आपल्या घरच्या कणगीत. गावकरी म्हणत होते, देवळात ठेवा. तुम्ही म्हणालात, “तिथले उंदीर दोन पायांचे आहेत!” किती हसलो होतो आपण!

तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत तुम्ही गेलात. घराला सुतक लागलं. सुतकाच्या घरचा दाणा कोणी खात नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक. तरी कणगी घरात ठेवताना सुचलं नाही. मी अडाणी. तुम्हाला तरी कसं सुचलं नाही हो?

तिसऱ्या दिवशी बापू दारात आला. तोच, धनगराचा, ज्याला तुम्ही कायम पुढं बसवायचात.

“काकी, कालपासून चूल पेटली न्हाई. जवारी द्या.”

“गावात मागितली का रे?”

“मागितली. म्हन्तेत, आमची मूठ तर मास्तरच्या कणगीत पडली, आता पुन्हा कुठून द्यावं?”

मी उठले. तुमची थोरली बहीण, आक्का, आडवी आली. “सुतकातलं धान्य लेकरांच्या पोटात घालती? माझ्या भावाला गती मिळू द्यायची न्हाई का तुला?”

“आम्हाला चालतंय, आक्का,” बापू म्हणाला.

“तुला काय, काहीबी चालंल. मेलेल्याला चालत न्हाई.”

ती ज्वारी आपली नव्हतीच. गावाची होती. तिला कसलं आलंय सुतक? हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुमच्या गतीचं नाव निघालं आणि मी खाली बसले. पोरगं थोडा वेळ उभं राहिलं. मग गेलं.

तेराव्यानंतर पाहिलं तर देऊळ रिकामं! पाचही पोरं आपापल्या गावी निघून गेलेली. निरोप धाडले. चौघं परत आली, शाळा नव्या मास्तरांनी पुढं चालवली. बापू आला नाही, म्हणून मीच मंठ्याकडं त्याच्या गावी निघाले. वर्षाच्या आत विधवेनं शीव ओलांडली म्हणून आक्का माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

बापूचा बाप मेंढरांच्या वाड्याशी भेटला. उठून हात जोडले त्यानं. “बाई, मास्तर देवमानूस व्हते. पर तुमच्या भरल्या गावात माझं लेकरू उपाशी राह्यलं. मी गरीब हाय, पन उपाशी न्हाई ठेवलं कधी. आता त्याला पाटलाकडं सालानं कामाला ठेवलंय. पाडव्यापर्यंत शब्द दिलाय.”

“मंग पाडव्यानंतर धाडाल ना?”

“मंग दुसरं साल.”

तिथून मी शेताकडं गेले.

बापू पाटलाच्या शेतात बैलांमागं होता. मला पाहून हसला. “काकी, आता कोणता धडा चालू हाय?” मी सांगितला. “तेवढा येतो मला,” म्हणाला, आणि बैल वळवले. पुढचा धडा त्यानं विचारला नाही.

कणगी मी आता शाळेत हलवली आहे. अर्धीही भरत नाही. बाया म्हणतात, पोरं पळून जातेत, मंग कशाला? चौघांचं हे वर्ष तरी निघेल का, कोण जाणे. तुम्ही उभं केलंत ते माझ्या एका बसण्यानं मोडलं. रागवाल? रागवा तरी एकदा!

पाडव्याला साल संपतं. त्या सकाळी मी बापूच्या बापाच्या दारात असेन. तो नाही म्हणेल, हे मला आजच दिसतं आहे. तरी जाईन, आणि त्याच्या पुढच्या पाडव्यालाही जाईन. तुमच्या गतीचं काय व्हायचं ते होवो, पण पोर दारात असताना मी पुन्हा खाली बसणार नाही.

तुमची,
गिरजा