खांद्यावरचा पाय

गोरेगाव (पुढचा पत्ता मुद्दाम देत नाही)

ती. भिकाजीमामांस,

खांदा आखडल्यामुळे साष्टांग नमस्कार जमत नाही, वाकून होतो तेवढा गोड मानून घ्यावा. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? पत्र बसून वाचा. फोनवरची गोष्ट फुटते, चिठ्ठीच लिही, ही तुमची ताकीद. म्हणून हे मासेवाल्या कमळमावशीच्या पाटीतून, बोंबलांखालून येतंय. (वासाबद्दल मला बोलू नका.)

तर शत्रूच्या मुलखात मी सुखरूप आहे. आपल्या अंधेरीच्या गोविंदा पथकाला सात थर लावताना घाम फुटतो आणि ही गोरेगावची माणसं आठवा लावतात कशी, हे शोधायला तुम्ही मला पाठवलंत. मुलुंडचा अल्पेश म्हणून मी सरावाला हजर झालो. खोटं नाव, खोटं गाव, खोटी नोकरी, सगळं पाठ करून गेलो होतो, पण त्यांच्या जयवंतदादांनी काही विचारलंच नाही. फक्त माझे खांदे दाबून पाहिले (बाजारात कलिंगड बघतात तसे) आणि म्हणाले, "हा बेसला." तिथेच आपल्या मोहिमेची वाट लागली. कारण मामा, खालच्या थरातल्या माणसाने मान खाली घालून उभं राहायचं असतं. वर आठ थर लागोत की अठरा, त्याला दिसतात फक्त पाय. तेव्हा माझा आजवरचा अहवाल असा, की विपुलच्या टाचांना भेगा आहेत आणि आकाश नखं कापत नाही. याचा आपल्याला काय उपयोग, ते तुम्ही बघा.

बरं, संशय येऊ नये म्हणून मनापासून काम कर, हेही तुम्हीच सांगितलेलं. केलं. इतकं केलं, की परवा दादांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मला भरून आलं. (मग आठवलं, शाबासकी अल्पेशला होती. सुबोधला जरा वाईट वाटलं.) हल्ली इथे कुणी अंधेरीवाल्यांच्या नावाने नाक मुरडलं की मीही मुरडतो, आणि घरी आल्यावर कळत नाही, ते नाटक होतं की काय.

त्यात तुमचा निरोप आला: "गोपाळकाल्याक ऐन टायमार जरा खांदो झटक, माशी बसल्यासारखो." मी मनाची तयारी केली होती, मामांचा शब्द म्हणजे शब्द. पण काल सरावात, एरवी पलीकडच्या बाजूने चढणारा सगळ्यात वरचा गडी पहिल्यांदाच माझ्या मांडीवर पाय ठेवून खांद्यावर चढला, आणि तो पाय मी ओळखला. उजवा अंगठा चपटा, नख दुभंगलेलं. मालनमामीचा वरवंटा लहानपणी कुणाच्या पायावर पडला होता, हे तुम्हाला सांगायला नको. आपला प्रांजल! संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जातो, तोच.

उतरल्यावर मी विचारलं, "तुलापण मामांनी पाठवलं काय रे?" तो म्हणाला, "म्हणजे तुला पप्पांनी माझ्या मागावर पाठवलं ना?" आता मामा, कोण कोणावर पाळत ठेवतंय, ते तुम्हीच सांगा, माझं डोकं चालत नाही. तो म्हणतो, पप्पा दुसऱ्यांची पोरं वर चढवतात आणि मला ढोल वाजवायला बसवतात. एवढं बोलून तो रडला. मग मीही रडलो. जयवंतदादांना वाटलं, दोघांना लागलं. त्यांनी बर्फ आणून दिला. माझा खांदा खरंच दुखत होता, मी लावून घेतला.

बाकी क्षेम. मामीला नमस्कार.

तुमचा (अजून तरी) आज्ञाधारक,
सुबोध ऊर्फ अल्पेश

ता. क. आठव्या थराचं गुपित कळलं. आठवा थर म्हणजे आपला प्रांजलच.

आणखी एक ता. क. खांदा झटकायचा का, ते कमळमावशीबरोबर कळवा. "झटक" म्हणणार असाल तर चिठ्ठीवर मामीची सही घ्या. तिला सगळं ठाऊक आहे. काल सरावाला येऊन ती "शाब्बास अल्पेश" म्हणून ओरडली.

शेवटचं. त्या दिवशी तुम्हीही या, फक्त अंधेरीचा टी-शर्ट घालू नका. मामी डोळे मिटून घेते आणि मला मान वर करता येत नाही. प्रांजल वर पोचेल तेव्हा घरचं कुणीतरी बघणारं हवं.