मौजे बिनोदखाली

१ फेब्रुवारी

आलो एकदाचे कोल्हापुरात. गारगोटीहून सामान टेम्पोत घालून निघालो, तर आण्णा ड्रायव्हरशेजारी बसून वाटेतल्या प्रत्येक गावाचं क्षेत्रफळ सांगत होते. माझे वडील छत्तीस वर्षं महसूल खात्यात होते, आधी तलाठी, मग मंडल अधिकारी. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी हा माणूस गाव नुसतं बघत नाही, मोजतो. ड्रायव्हर बिद्रीपर्यंत 'व्हय, व्हय' म्हणाला आणि मग त्यानं गाणी लावली.

घर आर. के. नगरात, दुसऱ्या मजल्यावर. उंचावरचं मुद्दाम घेतलं. पंचगंगा कितीही फुगली तरी इथवर यायला तिला जिने चढावे लागतील. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं एक बारकी खोली. मालकीण अंबूबाई खाली राहतात. त्यांनी खालून 'पावणं, च्या घ्या' अशी हाक मारली की शेजारच्या बिल्डिंगीतली माणसंही कप घेऊन येतील. बारक्या खोलीचं काय करू विचारलं तर म्हणाल्या, देव मांडा न्हायतर कांदं पसरा, आमचं काय म्हणणं न्हाय. मी तिथं माझं टेबल मांडलं.

आण्णांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला. डावा पाय ओढत चालतात. आई नाही, भावंडं नाहीत, मी लग्न केलं नाही. त्यांना मी आणि मला ते, एवढाच आमचा गोतावळा. इथं डॉक्टर जवळ आहेत. आण्णा आणखी दहा वर्षं माझ्यावर ओरडायला राहिले म्हणजे झालं, दुसरं काही मागणं नाही.

३ फेब्रुवारी

काम झकास आहे. पंधरा वर्षं कॉलेजात तासिकेवर भूगोल शिकवला, शेवटी त्यांनी नारळ दिला. आता श्रीपाल चौगुले यांच्या प्रकाशनात आहे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी ते देशातल्या एकेका जिल्ह्यावर पुस्तक काढतात. घरी बसून लिहायचं. 'मॅडम, पोरांस्नी पाठ हुईल असं लिवा, कविता करू नगासा,' असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं. मी कधी कविता केली होती देव जाणे.

माझ्या वाट्याला पश्चिम बंगालचा दक्षिण चोवीस परगणा आला. भूगोलवालीचं नशीबच म्हणायचं. गंगेचा त्रिभुज प्रदेश, खाली सुंदरबन, त्याखाली समुद्र. १७५७ साली मीर जाफरनं चोवीस परगण्यांची जमीनदारी कंपनीला दिली, तिथून हे नाव. १९८६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले, त्यातला दक्षिणेचा हा. मुख्यालय अलीपूर. दिवसातून दोनदा भरती खाड्यांतून आत येते आणि मातीच्या बांधांआड गावं जीव धरून असतात. नदी एका काठाची जमीन खाते आणि दुसऱ्या काठाला नेऊन टाकते. तिकडंही महसुली गावाला आपल्यासारखंच मौजे म्हणतात. प्रत्येक मौजेला नंबर असतो आणि गाव पाण्यात गेलं तरी नंबर यादीत राहतो.

हे शेवटचं आण्णांना वाचून दाखवलं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. नंबर हाय म्हंजे गाव हाय, म्हणाले. मी म्हटलं, आण्णा, गाव समुद्रात आहे. ते म्हणाले, ते तू कसं ठरवणार? वाद घालण्यात अर्थ नव्हता, मी पोळ्या करायला उठले.

६ फेब्रुवारी

गावांची यादी संपवली. शेवटी एकच गाव अडलं होतं, बिनोदखाली. स्कॅन केलेल्या जुन्या कागदावर नेमका त्याच्या लोकसंख्येच्या रकान्यात डाग, आकडा लागेना. नव्या नकाशात त्या जागी निळं पाणी. तासभर डोळे फोडले, मग कंटाळा आला. शेवटी मी तलाठ्याची लेक, शब्द तोंडावरच होता. ज्या गावात वस्ती नाही ते बेचिराख. रकान्यात 'बेचिराख' लिहिलं आणि फाईल श्रीपालशेठना पाठवून दिली.

संध्याकाळी आण्णांना रंकाळ्यावर नेलं. भेळ तिखट लागली म्हणून त्यांनी भेळवाल्याला चार शब्द सुनावले आणि पुन्हा अर्धी प्लेट मागवली. छान गेला दिवस.

७ फेब्रुवारी

सकाळी दहा वीसला बारक्या खोलीत पाणी आलं. टेबलाच्या पायांशी दोन बोटं, गढूळ. दीड-दोन तासांनी आपलं आपण ओसरलं. खाली जाऊन विचारलं तर अंबूबाईंचं सगळं छत कोरडं ठणठणीत. त्यांनी प्लंबर बोलावला. त्यानं चारही भिंती वाजवून बघितल्या, ह्या खोलीत पाईपच न्हाय म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

८ फेब्रुवारी

पहाटे उठले तर त्या खोलीची फरशी ओली होती, म्हणजे रात्रीही येऊन गेलं असणार. नंतर सकाळी अकरा दहाला पुन्हा. ओसरल्यावर फरशीवर पांढरा पापुद्रा राहिला. बोट लावून चाटलं. मीठ.

१० फेब्रुवारी

वेळा लिहून ठेवतेय. दहा वीस, अकरा दहा, बारा, आज बारा पन्नास. रोज पन्नास मिनिटं उशिरा. पंधरा वर्षं मी हेच फळ्यावर लिहिलं: चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. चार मार्कांचा प्रश्न. समुद्र इथून सह्याद्रीच्या पलीकडे आहे आणि मी दुसऱ्या मजल्यावर आहे. आधी हसू आलं, मग ते थांबलं.

टेबलाखाली खेकडा सापडला. एक नांगी तांबडी, अंगापेक्षा मोठी, दुसरी नखाएवढी. आपल्या ओढ्यातला खेकडा असा नसतो, हा खाडीच्या चिखलातला. अंबूबाईंना दाखवायला डब्याखाली झाकून ठेवला. त्या वर आल्या, डबा उचलला, तर खाली नुसता चिखल. मॅडम, झोप घ्या जरा, असं म्हणून गेल्या.

१२ फेब्रुवारी

पाणी यायच्या वेळेला आण्णा बारक्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतात. आत कुणाशी तरी बोलतात. मी गेले की गप्प. आज मी हटून बसले तेव्हा त्यांनी सांगितलं. एक म्हातारी हाय, तिचा ल्योक, सून आणि नात. बोली कळत न्हाय, पर कागदं दावत्यात.

मग मला विचारलं, त्या गावापुढं काय लिवलंस? मी सांगितलं. जन्मात माझ्यावर हात न उगारलेल्या माणसानं आज काठी जमिनीवर आपटली. गावात गेलतीस का तू, म्हणाले. मग जरा शांत होऊन सांगितलं, की बेचिराख हा शब्द टेबलावर बसून लिहायचा नसतो. तलाठ्यानं त्या गावात जायचं आणि दिवेलागण होईपर्यंत थांबायचं. एक जरी दिवा लागला तरी गाव जितं. नाही लागला तरच दोन पंच घेऊन पंचनामा करायचा आणि मग लिहायचं. त्यांनी स्वतः सगळ्या नोकरीत तो शब्द एकदाच लिहिला. त्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते.

मला लाज वाटली. आणि आण्णांना वेड लागतंय की काय, ही भीती. खरं म्हणजे त्यांना वेड लागलेलं परवडलं असतं.

१३ फेब्रुवारी

जुना कागद पुन्हा उघडला. मोठा केला, उजळ केला, डाग फिका करत गेले. खाली आकडे आहेत. कुटुंब एक. माणसं चार.

श्रीपालशेठना फोन केला. त्या पानांचा फॉर्म छापून झाला म्हणाले. 'एका गावानं काय हुतंय मॅडम? तिकडनं कोण वाचाय येणार हाय व्हय?' आणि हसले. मी फोन ठेवला तेव्हा तीन वीस झाले होते आणि बारक्या खोलीत पाणी घोट्याला लागत होतं.

१४ फेब्रुवारी

चार दहा. पाणी नडगीपर्यंत. उंबऱ्याच्या बाहेर एक थेंब येत नाही.

पाणी असतं तेव्हा मागची भिंत नसते. तिथं चिखल आहे आणि लांबवर बांध. बांधावर चौघं बसलेली. मी माफी मागितली, मराठीत, मग हिंदीत. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. ती चौघं आण्णांकडे बघत होती.

१५ फेब्रुवारी

पाच वाजता आण्णा आत गेले. मी मोरीत होते. धावत आले तेव्हा परत येऊन खुर्चीवर बसलेले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. पाय धुवायला उठले ते ताड ताड चालत गेले. डावा पाय ओढत नव्हता.

तिथली हवा मानवती, म्हणाले. हसत होते.

१६ फेब्रुवारी

पाच पन्नास. म्हणजे उद्या सहा चाळीस. उद्या सूर्य मावळतो सहा अडतीसला. भरती नेमकी दिवेलागणीला.

आण्णांना हे आधीच ठाऊक होतं. उद्या जाऊन थांबणार, दिवा बघणार, नोंद सरळ करणार, म्हणाले. तू गेली न्हाईस, कुणीतरी जायला पायजे की. मी म्हटलं, आणि परत? तर म्हणाले, माणसं मोजायची रीत हाय. दिवेलागणीला जो गावच्या शिवेत, तो त्या गावचा.

म्हणजे येणार नाहीत. पाय धरले त्यांचे. चूक माझी, तुम्ही का, म्हणून रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, हात थंड आणि खारट.

चुलतभाऊ अमरसिंहला फोन केला. उद्या चारला गाडी घेऊन ये, आण्णांना गारगोटीला न्यायचं आहे. येतो म्हणाला.

१७ फेब्रुवारी

चार वाजले. अमरसिंह नाही.

सव्वापाच. फोन लागला. मुधाळ तिट्ट्यावर गाडी बंद पडली. सातपर्यंत पोचतो, काळजी करू नकोस, म्हणतो. सात —

साडेपाच. बारक्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या मुठीत. आण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. धुतलेलं धोतर, टोपी, खिशाला पेन. रिक्षा बोलावते म्हटलं, उठा. उठत नाहीत. मला एकटीला उचलवत नाहीत.

सहा पंचवीस. जिन्यापर्यंत गेले, अंबूबाईंना हाक मारायला. दोन मिनिटं. फक्त दोन —

खुर्ची रिकामी. काठी तिथंच. कुलूप लागलेलं आहे. जसंच्या तसं.

आतून आण्णांचा आवाज.

उघडलं. पाणी उंबऱ्याच्या काठाला. ते लांब, बांधावर, चौघांजवळ. हाका मारल्या — वळले. वही आण म्हणतात, मी सांगतो, तू लिवून घे, नोंद सरळ व्हायला पायजे. हातात हीच वही. लिहून घेतलं की येतील ना? येतील. लिहिते.

सहा चाळीस. दिवा लागला. एकच.

मौजे बिनोदखाली.

एक, म्हातारी.

दोन, मुलगा. तीन, सून.

चार, नात.

झालं आण्णा. कागदावर चारच आहेत. या आता —

पाच, म्हणतात. सयाजी पिराजी देसाई, वय सत्तर. स्वतःचं नाव.

नाही लिहिणार.

थांबलेत सगळे. पाणी पण थांबलंय. न लिहिलं तर गाव बेचिराखच राहणार — आणि आण्णा त्या गावात —

पाच. सयाजी पिराजी देसाई. लिहिलं. लिहिलं, आण्णा, मला माफ —

अजून थांबलेत. सहावं कोण, आण्णा विचारतात. उंबऱ्यावर उभी हाय ती. पाय आत हाय का भाईर, नीट बघून सांग वर्षा, अंदाजानं लिवू नगंस.

खाली बघते. उंबरा —