अपिलात नवीन काही नाही

१६ एप्रिल २०२५
सहादू आला होता. पोस्टातून निवृत्त, मूळचा चांदवडकडचा. खालच्या कोर्टानं त्याचं अर्धं घर धाकट्या भावाला, बहिरूला दिलं. त्यावर आमचं अपील, पुढच्या आठवड्यात. बसायच्या आतच सुरू – "मॅडम, एक नवीनच झालंय –"

थांबवलं. सव्वीस वर्षं नाशकात अपिलंच चालवतेय, पक्षकाराला पहिलं हेच शिकवावं लागतं! खाली जे कागदावर आलं, तेवढंच वर. "अपिलात नवीन काही नाही, सहादूभाऊ." तो मान हलवून गेला. चहा अर्धा तसाच.

२३ एप्रिल
युक्तिवाद काय रंगला! प्लॉट सहादूच्या एकट्याच्या नावावर, आणि उलटतपासणीत बहिरूनं ते कबूल केलेलं – पान ४१. तीनदा वाचून दाखवलं. बहिरू मागच्या बाकावर. माझ्याकडे नाही, भावाकडे बघत होता.

बाहेर सहादूनं पुन्हा तोंड उघडलं. "निकालानंतर बोलू," म्हटलं आणि निघाले. द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले ते वेगळंच.

७ मे
जिंकलो! बहिरूचा दावाच फेटाळला. घर सगळं सहादूचं. फोन केला तर "बरं" म्हणाला. एवढंच! खट्टू झाले, खोटं कशाला बोलू.

१२ मे
सहादूची बायको आली, शकुबाई. बसली नाही.

"तुमच्यावर राग नाय, मॅडम. पण चौदा एप्रिलला दोघं भाऊ सात वर्षांनी एका ताटात जेवले. घर अर्धं-अर्धं ठेवायचं, केस काढून घ्यायची, ठरलं व्हतं. हे तेच सांगायला आलते."

मग बोलले का नाहीत?

"तुम्हीच म्हणल्या ना, नवीन चालत नाय. ह्यांना वाटलं, आता कायद्यातच बसत नसंल."

बहिरू म्हणतो, भावानं गोड बोलून गळा कापला. पंचवीसला त्याच्या मुलीचं, साक्षीचं लग्न. सख्ख्या काकाला पत्रिका नाही.

अपील मागे घ्यायला एक अर्ज लागतो. एका पानाचा! मी त्या माणसाला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. माझीच मला लाज वाटते.

१८ मे
विरुद्ध पक्षकाराच्या दारात वकिलानं जायचं नसतं. गेले. त्याच घराच्या मागच्या दोन खोल्या, बाहेर लग्नाचा मांडव. म्हटलं, बहिरूभाऊ, तुमच्या भावाची चूक नाही, माझी आहे. त्यानं ऐकून घेतलं. मी घेतलं नव्हतं तेवढं तरी त्यानं घेतलं.

"माझ्या वकिलाशी बोला," म्हणाला. दार लावलं.

२५ मे
आज लग्न. सहादूला फोन करावा म्हणून तीनदा नंबर काढला. केला नाही.

४ ऑगस्ट
मुंबईहून, हायकोर्टातून नोटीस – आमच्या निकालावर बहिरूचं दुसरं अपील. सहादू घेऊन आला. बहिरूनं मागच्या खोल्या रिकाम्या केल्यात, कुठे गेला तेही सांगितलं नाही.

फाइल बाजूला सारली. पेन ठेवलं. चहा मागवला. "आधी तुम्ही बोला, सहादूभाऊ. सगळं. मी ऐकतेय."

त्यानं नोटीस माझ्याकडे सरकवली.

"नवीन काय नाय, मॅडम."