दगड खाली ठेवला नाही

कतारगाम, सुरत
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय ज्योती,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळून महिना झाला. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही तिकडे ओडिशात, गंजामला ठीक असाल असं धरून चालते. तुझ्या भावाची हजीऱ्याची नोकरी चालू आहे, पहाटे पाचला कंपनीची बस येते, संध्याकाळी येतात ते जेवून झोपतात. माझं घरबसल्या साड्यांना स्टोन चिकटवायचं काम चालू आहे. लग्नसराई असल्यामुळे दारापर्यंत गठ्ठे आहेत. आज रविवार, पण मी प्रार्थनेला गेले नाही. तुला लिहायचं म्हणून थांबले.

आई गेल्याचं तुला लीलामावशीने सहा महिन्यांनी कळवलं आणि आम्ही कळवलं नाही, याचा तू एका शब्दानेही जाब विचारला नाहीस. उलट माझे आभार मानलेस. 'वहिनी, तुम्ही आईचं सगळं केलंत, माझ्या वाटचंही केलंत.' ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्यास तर मी चार ओळी लिहून मोकळी झाले असते. आता सगळं लिहावं लागणार.

तुझा प्रश्न एकच आहे. मावशीने तुला सांगितलं की गुड फ्रायडेला आई आमच्या मंडळीबरोबर डोंगरावर आल्या होत्या आणि तुझ्या नावाचा दगड घेऊन चढल्या होत्या. तेव्हा त्यांनी तो वर ठेवला का, म्हणजे तुला माफ केलं का, एवढंच तुला हवंय.

उत्तर आधीच देते. नाही. आईंनी दगड खाली ठेवला नाही. दीडशे माणसांनी ठेवले, त्यांनी ठेवला नाही, परत घरी आणला.

वाचलंस? आता हवं तर पत्र इथेच मिटून ठेव. नाहीतर बस आणि पुढचं वाच.

तुला ती रीत माहीत नसेल. तू होतीस तेव्हा आम्ही प्रार्थनेला जात नव्हतो. सोनगढच्या पुढे एक डोंगर आहे, माथ्यावर लाकडी क्रूस आहे. गुड फ्रायडेला पायथ्याशी प्रत्येकाने एक दगड उचलायचा. ज्या माणसाला आपण माफ करू शकत नाही त्याचं नाव त्यावर लिहायचं, वर न्यायचा, क्रुसाखाली ठेवायचा आणि रिकाम्या हाताने उतरायचं. आमचे पाळक छगनभाई तिकडचेच, गामित आदिवासी. भला माणूस आहे. पण बोलतो सगळं गुजरातीत.

डॉक्टरने आईंना जिना चढायला मनाई केली होती, हे मला माहीत होतं. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, त्या महिनामहिना खाली उतरत नसत. त्या म्हणाल्या, "मी भी येस." मी नको म्हटलं नाही. गजेंद्र ड्युटीवर होते, त्यांना रात्री कळलं. कामरेजला बस थांबली तेव्हा बायका म्हणाल्या, आजींना पायथ्याशीच बसवा. मी म्हटलं, त्यांची श्रद्धा आहे, मी कोण अडवणारी? सगळ्यांना ते फार आवडलं.

पायथ्याशी मी त्यांना मुठीएवढा दगड काढून दिला. त्यांनी तो फेकून दिला आणि नारळाएवढा उचलला. मी म्हटलं, "आई, जड होईल, लहान घ्या." त्या म्हणाल्या, "जोती काय लहान शे?"

त्यांना लिहिता येत नव्हतं. गठ्ठ्यांवर नंबर टाकायचं जाड मार्कर माझ्या पर्समध्ये होतं. त्यांनी दगड माझ्यापुढे धरला, मी नाव लिहिलं आणि परत दिला. त्यांनी तो छातीशी धरला तो वरपर्यंत सोडला नाही. वाटेत चार वेळा बसल्या, ओठ निळे पडले होते. मी हात पुढे केला, "द्या इकडे, मी घेते." मान हलवून नाही म्हणाल्या. सहा वर्षं जिचं नाव निघालं की त्या ताटावरून उठायच्या, तिच्या नावाचा दगड त्या कुणाला हात लावू देईनात.

ही सहा वर्षं तुझी तिकडे कशी गेली ते तू पत्रात लिहिलंस. माझी कशी गेली ते विचारलं नाहीस. तू पळालीस ती माझ्या घरातून. साडी पॅकिंगच्या कामाला म्हणून तुला इथे ठेवलं होतं, माझ्या भरवशावर. तू लूमवरच्या ओडिया पोरासोबत गंजामची गाडी पकडलीस आणि मागे मी उरले. बाबा होते तोवर गावाहून फोनवर ऐकून घेतलं. तीन वर्षांपूर्वी बाबा वारले, आई इथे राहायला आल्या, मग समोरासमोर ऐकलं. "तुन्हा घरम्हाईन गयी मन्ही आंडेर." सकाळी चहाच्या कपाबरोबर हे एक वाक्य ठरलेलं, की माझ्या घरातून त्यांची लेक गेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, प्रार्थनेतल्या बायकांसमोर, कुठेही. मला मूल नाही, त्याचंही कारण त्यांनी तेच लावलं, की दुसऱ्याची पोर सांभाळता आली नाही म्हणून देव देत नाही. दोन वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. 'ओ बाई', नाहीतर 'गजान्ही बायको'. मी त्यांचे पाय चेपले, लघवीचं भांडं उचललं, आणि त्यांना माझं नाव माहीत होतं की नाही हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

असो. वर पोचलो. प्रार्थना झाली, गाणं झालं. मग छगनभाईंनी मोठ्याने सांगितलं, "हवे पोतपोतानो पथ्थर नीचे मूको." तुला गुजराती येतं, मला येतं. मूको म्हणजे ठेवा. आईंना दोन वर्षांत गुजराती शिवलं नव्हतं, त्यात कानाने कमी. सगळे खाली वाकले. आई पण वाकल्या. त्यांनी दगड दोन्ही हातांनी तोंडापाशी नेला आणि त्याचा मुका घेतला.

एकदा नाही. आधी एकदा घेतला, मग आजूबाजूला पाहिलं, बहुतेक वाटलं असेल की आपलं नीट झालं नाही. मग डोळे मिटून बराच वेळ घेतला. ओठांना माती लागली. मी शेजारीच होते. मी म्हटलं, "आई, ठेवा म्हणताहेत, ठेवा." तर माझ्यावरच खेकसल्या, "तो मुका म्हनना, मी मुका लिधा. आते कसाले ठेवू?" आणि दगड पदरात गुंडाळला.

आता तुला कळलं ना ठेवला का नाही ते.

माझ्या दगडावर तुझं नाव होतं. मी छगनभाईंनी सांगितलं तसा बरोबर ठेवला, रिकाम्या हाताने उतरले. त्याचा किती उपयोग झाला ते तू आत्ता वाचतेच आहेस.

घरी आल्यावर त्या अंथरुणालाच लागल्या. दगड उशीपाशी. तिसऱ्या दिवसापासून एकच घोशा, "जोतीले फोन लाय." आणि इथे मला ते लिहायचंय जे मी गजेंद्रनाही सांगितलं नाही.

बाबा गेल्यावर तू माझ्या फोनवर फोन करायला लागलीस. आई इथे आल्या त्याच आठवड्यात मी तुझा नंबर ब्लॉक केला. त्याआधी तू मुलीचा फोटो पाठवला होतास, पिवळ्या फ्रॉकमधला. नाक थेट आईंचं. मी तो पाहिला आणि पुसून टाकला. आई मधूनच विचारायच्या, "जोतीना फोन येस का?" मी सांगायचे, नाही येत. मग त्या मला दोन शिव्या जास्त द्यायच्या. मला चालत होतं. तुझा फोन आला असता तर त्या तुझ्याशी गोड बोलल्या असत्या आणि शिव्या माझ्याकडे तशाच राहिल्या असत्या. ते मला चाललं नसतं.

तर आईंनी फोन लाव म्हटलं, तेव्हा मी लावला. माझ्याच जुन्या, बंद पडलेल्या सिमचा नंबर लावला आणि त्यांच्या कानाला धरला. तिकडून ती कंपनीची बाई गुजरातीत सांगते ना, नंबर बंद आहे म्हणून, ती सुरू झाली. आई ऐकत राहिल्या. मला म्हणाल्या, "कोन शे हाई? काय बोलस?"

मी म्हटलं, "ज्योतीच आहे. ती आता आपली बोली बोलत नाही."

मी असं का म्हटलं, ते मला विचारू नकोस. मला वाटलं त्या फोन भिरकावतील, तुला शिव्या घालतील. माझी तीच इच्छा होती, एकदा तरी शिव्या योग्य घरी जाव्यात. त्यांनी फोन घट्ट धरला आणि त्या बाईचं चालू असतानाच बोलायला लागल्या. "जोती, मी तुन्हा मुका लिधा माय. डोंगरवर जाईसन लिधा. आते राग नही. आते तू ये, पोरले लई ये." तुला मूल असेल हे त्यांनी मनानेच धरलं होतं. फोटो मी दाखवलाच नव्हता.

फोन कट झाला. त्या म्हणाल्या, "आयकं का तिनी?" मी म्हटलं, ऐकलं. "येस म्हनली का?" मी म्हटलं, येते म्हणाली.

त्यानंतर त्या सतरा दिवस जगल्या. रोज दार उघडं ठेवायला लावायच्या. पाखरासारखं खायच्या, पण तुझ्यासाठी भाकरी बाजूला काढायला सांगायच्या. मी काढायचे आणि संध्याकाळी मीच खायचे. एक फोन, ज्योती. तुझा नंबर अनब्लॉक करायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि रेल्वेने तू दोन दिवसांत आली असतीस. सतरा दिवस होते. मी रोज मोजत होते आणि रोज साड्यांना स्टोन चिकटवत होते.

एवढं वाचून तू मला काय म्हणशील ते म्हण. अजून एक राहिलंय.

आई गेल्यावर तेराव्यानंतर घर आवरताना गजेंद्रनी उशीपासचा तो दगड पहिल्यांदा हातात घेतला. फिरवून वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आईला शेवटी तुझाच एवढा राग होता? मला वाटलं ज्योतीचा."

कारण दगडावर तुझं नाव नाहीच. आईंनी जोती म्हटलं आणि मी सुषमा लिहिलं.

त्यांना वाचता येत नव्हतं. मला वाटलं, तुला माफ करायला डोंगर कशाला, तुला तर त्या मनातून कधीच माफ करून बसल्या होत्या. माफी मला हवी होती. फोनचं, फोटोचं, सगळ्याचं. तोंडाने मागितली असती तर सांगावं लागलं असतं काय केलं ते. म्हटलं, त्यांच्या नकळत त्या मला वर नेतील, खाली ठेवतील, छगनभाई प्रार्थना करतील आणि माझं सुटेल. म्हणून सत्तरीची दम लागणारी बाई मला छातीशी धरून डोंगर चढली, आणि मी मागून बघत चालले.

पण त्यांनी ठेवलं नाही. मुका घेतला. माझ्या नावाचा, दोनदा. मी त्या घरात आले त्याला अकरा वर्षं झाली, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता. त्या मनात तुलाच धरून होत्या, ते मला कळतं. मी वेडी नाही. तुझी माफी तुला मिळाली आहे, ती मी वर त्यांच्याच शब्दांत लिहून दिली, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ती घे आणि पोटभर रड.

दगड सध्या माझ्याजवळ आहे. स्टोन चिकटवल्यावर साडीची घडी दाबायला बरा पडतो. तो पाठव, किंवा घ्यायला येते, असं लिहू नकोस. वर्षश्राद्धालाही येऊ नकोस. तू आलीस तर आधी तो मागशील, आणि मी देणार नाही. आईंनी तुझ्यासाठी काय ठेवलं ते सगळं या पत्रात दिलंय. माझ्यासाठी चुकून एवढंच राहिलं.

मुलीला आशीर्वाद. तिला तिच्या आजीबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याबद्दल खरं सांग.

पाकिटाच्या मागे पाठवणारीचं नाव आहे. मार्कर तेच आहे, अक्षरही तेच. दगड कसा दिसतो ते बघायचं असेल तर ते बघ.

सुषमा