ह्याला हात लावु नये

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. त्यातल्या सहा चुका लाल शाईने सुधारून ते सोबत परत पाठवीत आहे. फोन करीत जा, असा तुझा आग्रह असतो. परंतु फोनवर ऱ्हस्वदीर्घ ऐकू येत नाहीत आणि चुका तशाच राहून जातात. बेचाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाला ते सोसवत नाही.

शस्त्रक्रियेनंतर तुझी आई काठी घेऊन अंगणापर्यंत गेली, हे वाचून समाधान वाटले. तिचा गुडघा पूर्ववत होईपर्यंत ती तुझ्याकडे सुखात आहे. मीही इथे ठीक आहे. तिच्या गैरहजेरीत एक जुने काम उरकले. बोळातल्या बटणांवर तिने आठ चिठ्ठ्या डकवल्या होत्या. 'स्वैपाकघर', 'खोलितला पंखा' असले लेखन येता-जाता डोळ्यांत खुपे. त्या सर्व सोडवून शुद्ध स्वरूपात पुन्हा लिहिल्या. सातव्या बटणावर तर नाव नव्हतेच, चक्क वाक्य होते. ते गाळले आणि मुद्रितात करतो तशी रिकामी जागा जवळ घेतली, म्हणजे पुढचे नाव अलीकडे सरकवले. शेवटचे बटण बिननावाचे उरले. ते बहुधा फाजील असावे.

जिन्यातला दिवा मात्र गेला आहे. बटण दाबले, पेटला नाही. स्टुलावर चढायचे नाही ही तुझी आज्ञा, म्हणून अंधार सोसतो आहे.

विजेचे बिल आले. घरातली माणसे निम्मी झाली, युनिटे मात्र दीडपट. छापणाऱ्याची चूक असणार.

कळावे, लोभ आहेच. तो शुद्धलेखनासह वाढावा.

तुझा बाबा

दि. ११ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस, चिमणीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझं पत्र वर्गातल्या वहीसारखं रंगून परत आलं. ह्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. जावयासमोर एवढी तरी अब्रू ठेवा!

पण बाबा, बिलाचं मी हसण्यावारी नेणार नाही. एकट्या माणसाला एवढी वीज कशी लागते? इस्त्री चालू राहते का? टीव्ही बटणापासून बंद करता का? फ्रिजचं दार नीट लागतं का? रागावू नका, पण तुमचं वय झालंय आणि विसरायला होतं. पुढचं बिलही असंच आलं तर मी तुमचं काही ऐकणार नाही. घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी कायमचं इकडे राहायचं.

हे परवा आईला सांगितलं तर तिने तोंड फिरवलं. म्हणाली की, मी पाहुणी म्हणून आले आहे, मुक्कामाला नाही. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. तिची बॅग पलंगाखाली भरलेलीच असते. आता सगळं तुमच्या बिलावर आहे.

प्रकृतीला जपा. लोभ करा, चुका नंतर काढा.

तुमची चिमणी

दि. ९ मार्च

चि. सौ. चिमणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दुसरे बिल आले. ते पहिल्याहून अधिक आहे. लपवावे असे मनात आले होते, ते तुला कळावे म्हणून लिहितो.

तुझ्या पत्रानंतर मी इस्त्री कपाटात कुलुपबंद केली. फ्रिजच्या दाराच्या फटीत कागद धरून पाहिला. तो घट्ट बसतो. गल्लीतल्या वायरमनला विचारले. तो म्हणाला की, घरातले सगळे बंद करा आणि मीटरवरचा लाल ठिपका पाहा. तो लुकलुकला तर कुठेतरी काहीतरी चालू आहे. त्याप्रमाणे केले. जिन्यातल्या दिव्याचे बटण तेवढे दाबलेलेच राहू दिले. गेलेला दिवा विझवायचा कशाला? काही वेळ ठिपका शांत होता. मी हुश्श केले, आणि तो भराभर लुकलुकू लागला.

चिमणे, खरे सांगतो, मी घाबरलो. आता बाहेर पडताना तीन तीनदा परत येऊन बटणे पाहतो. उभ्या आयुष्यात माझ्या नजरेतून काना सुटला नाही. आता चालू असलेले यंत्र सुटत असेल, तर तुझे म्हणणे बरोबर आहे. कुलूप आणून ठेवले आहे. आईला हे हळू सांग.

लोभ असू दे, आज जरा अधिकच.

बाबा

दि. १५ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आई मात्र हसत सुटली! अबोला सोडून तिने मला तुमचं पहिलं पत्र पुन्हा वाचायला लावलं. आता ती सांगते तसं लिहिते:

ह्यांना म्हणावं, जिन्यातला दिवा गेलेला नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी नवा लावून घेतलाय. माझ्या चिठ्ठ्यांना हात लावायला कोणी सांगितलं होतं? सातवं बटण माडीवरच्या न्हाणीघरातल्या गीझरचं आहे. चिमणीच्या लग्नापासून तिथे कोणी अंघोळ केली नाही. जिन्याच्या दिव्याऐवजी हे नेहमी तेच दाबायचे, म्हणून तर मी ते वाक्य लिहिलं होतं. शहाण्या माणसाने नेमकं तेच गाळलं!

बाबा, आधी वर जाऊन बघा.

चिमणी

दि. १९ मार्च

सौभाग्यवतीस,

आरंभी आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे; आज ते बाजूला ठेवून आधी क्षमा मागतो.

बॅटरी घेऊन वर गेलो. न्हाणीघराची भिंत कोमट होती आणि गीझरचा लाल दिवा लागलेला होता. दोन महिने मी कोणासाठीही नसलेले पाणी तापवीत होतो. खाली येऊन सातवे बटण बंद केले, बिननावाचे आठवे दाबले, आणि तुझा नवा दिवा लख्ख पेटला. नंतर सगळे बंद करून घटकाभर मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो. ठिपका हलला नाही.

चिमणीला सांग की, तुझा बाप विसरला नव्हता. त्याने दुरुस्ती केली होती. दुसरे अधिक महाग पडते. कुलूप दुकानदाराला परत केले.

तुझी जुनी चिठ्ठी टाकली नव्हती. शब्दकोशात खूण म्हणून होती. ती सातव्या बटणावर पुन्हा डकवली आहे: 'ह्याला हात लावु नये'. 'लावु'चा उकार दीर्घ हवा. लाल लेखणी उघडली होती, पुन्हा टोपण लावले.

बॅग भरलेलीच आहे असे कळते. जिन्यात उजेड आहे. एक एक पायरी घेत ये.

लोभ आहे तसाच असू दे. त्यात दुरुस्ती नको.

तुझाच