मास्तरचा हात

४ ऑगस्ट, सकाळी ७
आजपासून अल्बम. जॅझ. चार ट्यून्स, चारही माझ्या. एकवीस वर्षं सावेडीत गिटारचे क्लास घेऊन पोरांना वाढदिवसाची गाणी शिकवली, आता बस्स. हनुमंत ड्रमवर, कल्याण ट्रम्पेटवर, ओम कीबोर्डवर. तिघंही सोनईच्या बँड पार्टीतले. चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे मोकळे. आठ दिवस पुष्कळ झाले.

६ ऑगस्ट
पोरं तयारीची आहेत. फक्त थांबत नाहीत. अडीच मिनिटांची ट्यून एकोणीस मिनिटं चालली. हनुमंत म्हणाला, वरातीत मास्तरनं हात वर केल्याबिगर आमी थांबतच न्हाई. किरकोळ गोष्ट आहे.

७ ऑगस्ट
हात वर केला. थांबले. पण त्यासाठी सोलो अर्धवट सोडावा लागला. माझे दोन्ही हात गिटारवर असतात, हे लक्षात आलं नव्हतं. उद्या मानेनं खुणावणार.

८ ऑगस्ट
मान हलवली. हनुमंतला वाटलं, सरांना आवडलंय. आणखी जोरात वाजवलं.

११ ऑगस्ट
रेकॉर्डिंगवाला हर्षल म्हणाला, हात मी वर करतो. केला. कुणी बघितलंसुद्धा नाही. त्यो कुटं मास्तर हाय, असं कल्याणचं म्हणणं. मग हर्षल म्हणाला, गिटार नंतर वेगळी रेकॉर्ड करून वर टाकू. मी साफ नकार दिला. जॅझ असं तुकड्यांत होत नसतं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१४ ऑगस्ट
कुणी कधी वाजवायला घ्यायचं, कधी सोडायचं, हेही त्यांना हातानंच सांगावं लागतं. आज गिटार स्टँडवर ठेवली. तात्पुरती.

१९ ऑगस्ट
चारही ट्यून्स झाल्या. तत्त्व थोडं सैल करून गिटार वेगळी टाकायला बसलो. यांचा वेग वरातीसारखा चढत जातो, मला गाठताच येईना. बोटं दुखली. हर्षल हळूच म्हणाला, सर, हाये तेच लई भारी वाटतंय. विचार केला. लीडरनं वाजवलंच पाहिजे असं कुठं आहे?

२४ ऑगस्ट, संध्याकाळी
बायकोला, रेश्माला, अल्बम ऐकवला. भाजी निवडता निवडता तिनं पूर्ण ऐकला, पायानं ठेकाही धरला. मग विचारलं, यात तू कुठं आहेस? मी म्हणालो, ते थांबतात ना, तिथं.

तिनं चारही शेवट पुन्हा लावून नीट ऐकले. म्हणाली, थांबलेत मात्र अगदी वेळेवर.

फार वाईट वाटलं. उद्या पाचची बॅच आहे, वाढदिवसाचं गाणं.