हत्ती बुडेल अशी बोडी

आदरणीय बापूजी भाऊजींना हेमराजचा नमस्कार. रीताला आशीर्वाद.

बोटभर निळ्या पाण्यापायी माझं काय काय गेलं ते आधी सांगून टाकतो: एक पांढरा सदरा, ग्रामपंचायतीत बोलायची पाळी, आणि चारचौघांत तोंड उघडून हसायची सोय. बाकी इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? वाडीतली वांगी कशी आहेत? (सहज विचारलं.) फोनच करणार होतो, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवायची रीत आहे आणि मागे कोण कोण खोकते ते मला इथं ऐकू येते. म्हणून पत्र.

तुम्हाला ठाऊकच आहे, सायकलचे पंक्चर काढता काढता मी राइस मिलपर्यंत आलो तो या कानांच्या भरवशावर. ट्यूब पाण्यात न बुडवता, नुसती कानाशी धरून, हवा कुठून जाते ते सांगत होतो. त्याच माणसानं उन्हाळ्यात जेसीबी लावून शेतातली पाणी साठवायची बोडी खोल केली. अशी बोडी पाच गावांत नाही. हत्ती बुडेल. (गडचिरोलीकडे आता खरोखरच हत्ती फिरतात, तेव्हा हे नुसतं बोलणं समजू नये.) पावसाळ्यात काठोकाठ भरली. आणि धान निसवायला आलं, शेवटच्या पाण्याची वेळ झाली, तर तळ उघडा. पाळ कुठेही फुटलेली नाही. खालच्या अंगाला शेजारच्या सोमाजीची धानाची बांधी मात्र हिरवीगार, आणि त्याची विहीर तोंडापर्यंत.

मी त्याला एकदम चोर म्हटलं नाही. रात्री झोप बरी लागते का, एवढंच विचारलं. तर म्हणतो, "हेमराजभाऊ, पाणी चोराले मी काऊन रातभर जागू? तुमच्या बोडीलेच पाय फुटले असन." खरा माणूस असता तर चिडला असता. हा इतका निवांत बोलला, तिथंच माझा संशय पक्का झाला आणि मी ग्रामपंचायतीत तक्रार दिली.

अशात दिव्यानी मॅडम आल्या. मातीवर डॉक्टरकी केलेली बाई. पाणी मातीतून कसं जाते ते बघायचं आहे म्हणाल्या, आणि त्यासाठी माझी बोडी पाहिजे. भाऊजी, पाणी खाली जाते, हे बघायला कोणी नागपूरहून जीप करून येते का? आपल्या जिल्ह्यात कोणी जमिनीला भोक पाडलं की माणूस आधी विचार करतो, खाली कोळसा तर नाही निघाला. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर नजर कशी ठेवली असती?

त्यांनी एकात एक अशा दोन लोखंडी कड्या तळात ठोकल्या, त्यात पाणी ओतलं आणि घड्याळ धरून बसल्या. मी चहा पाठवला, आणि चहाच्या मागोमाग मी गेलो. तेव्हा बाई काचेच्या पेल्यात मातीचं ढेकूळ सोडून ते फुटते की टिकते बघत होत्या. (घरात पोरानं असं केलं असतं तर त्याला मार पडला असता.) मग कड्यांत निळं पाणी ओतलं. म्हटलं, हेच ते कोळसा दाखवणारं औषध! बाई जीपकडे वळल्या तशी मी बोट बुडवून चाटलं, बोट सदऱ्याला पुसलं. चव काहीच नाही. शरबतात घालतात तो रंग आहे, हे मागून कळलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत माझ्या तक्रारीची पाळी आली. मी उभा राहिलो, घसा साफ केला, तोंड उघडलं. समोरची बाकं माझी जीभ बघून हसायला लागली. सोमाजी जागचा उठलासुद्धा नाही. "पाणी कोनं पेलं ते दिसून राह्यलं, भाऊ," एवढंच म्हणाला. तक्रार तिथंच राहिली.

तिकडे बाईंनी बोडीत दोन जागी खणून मला बोलावलं. एक जागा मोहाखालच्या कोपऱ्यात. तिथं देवाचा दगड आहे, म्हणून जेसीबीवाला तिकडे गेलाच नव्हता. त्या कोपऱ्यात निळा रंग भाकरीवर चटणी फासावी तसा वरच्या वर थांबलेला. दुसरी जागा मी खोल केलेली. तिथं मुरमाच्या भेगाभेगांतून रंग झाडाच्या मुळांसारखा खाली उतरलेला, दिसेनासा होईपर्यंत. बाई म्हणाल्या, तळाला चिकण मातीचा थर होता, पिढ्यानपिढ्या म्हशींनी लोळून तुडवून घट्ट केलेला, तोच पाणी धरून होता. तो कोणी काढला? मी म्हटलं, चौकशी करतो.

बाई गेल्या. कोळशाचा माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. पत्र आधी तुम्ही वाचा. रीताच्या हाती ते तसंही लागेलच.

तुमचा,
हेमराज

ता. क. उन्हाळ्यात गाळ आणि चिकण माती मी ट्रॉल्या भरभरून तुमच्या वाडीत टाकली. बहिणीच्या घरी दिलेलं माणसानं मोजू नये, असं तेव्हा मीच म्हणालो होतो. मोजत नाहीच. फक्त परत पाहिजे. वांगी तोडून झाली की कळवा, ट्रॅक्टर माझा. सोबत लोळायला तुमच्या म्हशी धाडल्या तर उपकार होतील.

आणखी एक. धानाला शेवटचं पाणी सोमाजीनं आपल्या विहिरीवरून दिलं. पाणी माझंच, पण मागावं लागलं. मोटर सुरू करायच्या आधी त्यानं मला जीभ दाखवायला लावली.

आणि हत्तीचं ते रीताच्या सासरी कोणाला सांगू नका. काल आमची बदकं बोडीच्या या काठावरून त्या काठावर चालत गेली.